मोटर जागची हलली नाही, तरी ड्राइव्ह म्हणतो ‘झालं’: मोटरचं गणित प्रयोगातून कसं काढतात?

जळगावच्या एमआयडीसीतला पाइपचा कारखाना असो, डाळमिल असो की रावेरकडचा केळीचा मळा, हल्ली मोटरीशेजारी एक पेटी हमखास दिसते. ती व्हीएफडी. मोटरला जाणाऱ्या विजेची वारंवारता बदलून वेग कमी-जास्त करणारं हे यंत्र. बोलताना सगळे त्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. नवा ड्राइव्ह बसवला की तंत्रज्ञ मोटरच्या पाटीवरचे आकडे त्यात भरतो आणि ‘ऑटो-ट्यून’ देतो. मोटर थोडा वेळ गुणगुणते, जागची हलतही नाही, आणि पडद्यावर काम पूर्ण झाल्याचा निरोप येतो. मालक विचारतो, ‘मोटर फिरलीच नाही, मग याला कळलं काय?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की अर्धं कळलं. उरलेलं अर्धं मोटर फिरवल्याशिवाय कोणालाच कळत नाही. हे दोन अर्धे कोणते आणि ते कसे मोजायचे, ते पाहू.

माठाला टिचकी

उन्हाळ्यात माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवून देतो. माठ फोडून आत डोकावत नाही. बाहेरून एक ठरावीक धक्का दिला, प्रतिसाद ऐकला आणि आतल्या तड्याचा अंदाज बांधला.

मोटरीच्या बाबतीत हेच जरा शिस्तीत करतात. ठरवून व्होल्टेज बदलायचं, वेग कसा बदलतो ते दर काही मिलिसेकंदाला नोंदवायचं आणि त्या नोंदीवरून एक छोटं समीकरण काढायचं. त्या समीकरणाला मोटरचं मॉडेल म्हणतात आणि ते शोधण्याच्या या पद्धतीला सिस्टम आयडेंटिफिकेशन. मराठीत ‘ओळख परीक्षा’ म्हटलं तरी चालेल. उद्या १४ व्होल्ट दिले तर अर्ध्या सेकंदाने वेग किती असेल, हे मोटर न फिरवता सांगता आलं की मॉडेल हाती लागलं.

पाटीवर सगळं लिहिलेलं असताना हा खटाटोप कशाला?

पाटीवर असतं काय? किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम. ५० हर्ट्झच्या चार पोलच्या मोटरवर १४४० आरपीएम लिहिलेलं असतं. चुंबकक्षेत्र १५०० ने फिरतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, चार टक्के मागे राहतो, हा त्याचा अर्थ. हे सगळे मुक्कामाचे आकडे झाले. मुक्कामाला पोचायला किती वेळ लागला, वाटेत झटका बसला का, जोडलेल्या चाकाचं किंवा पुलीचं ओझं किती, यातलं पाटीवर काहीच नसतं. असणार तरी कसं? कारखान्यातून निघताना मोटरला कुठे ठाऊक होतं की पुढे आपल्याला पंप लागणार की चक्की.

शिवाय आपल्याकडे जळलेली मोटर फेकत नाहीत, रिवाइंड करतात. तार एखाद्या गेजने बारीक पडली, वेढे थोडे कमी-जास्त झाले, तरी मोटर फिरते. पाटी मात्र जुनीच राहते. अशी पाटी गेलेल्या वाइंडिंगची जन्मपत्रिका असते. तिच्यावरून नव्या वाइंडिंगचं भविष्य सांगू नये.

लोखंडी तवा आणि मातीचं खापर

मॉडेल म्हटलं की लोकांना फळाभर समीकरणं आठवतात. साध्या डीसी मोटरला मुख्यतः दोनच आकडे पुरतात. ते समजायला स्वयंपाकघरात चला.

कळण्याची भाकरी लोखंडी तव्यावर होते, मांडे उपड्या खापरावर. जाळ तेवढाच ठेवला तरी तवा लवकर तापतो, खापराला वेळ लागतो. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. या जाळावर भांडं शेवटी किती तापेल? आणि तिथवर जायला किती वेळ घेईल? पहिल्याच्या उत्तराला गेन म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला टाइम कॉन्स्टंट. मोटरचा गेन म्हणजे एक व्होल्ट वाढवला की शेवटी किती आरपीएम वाढतात. टाइम कॉन्स्टंट म्हणजे एकूण होणाऱ्या बदलापैकी ६३ टक्के बदल व्हायला लागणारा वेळ.

६३ हा विचित्र आकडा का? कारण मोटर असो की तवा, मुक्काम जवळ येईल तशी चाल मंदावते. जेवढं अंतर उरलं, त्या प्रमाणात वेग. अशा चालीत दर टाइम कॉन्स्टंटला उरलेल्या अंतरातलं ६३ टक्के कापलं जातं आणि ३७ टक्के शिल्लक राहतं. पुढच्या तेवढ्याच वेळात शिल्लक १३.५ टक्क्यांवर येते, मग ५, मग २ च्या आत. म्हणून चार-पाच टाइम कॉन्स्टंट गेले की मोटर पोचली असं धरतात.

टेबलावरचा प्रयोग

हा प्रयोग पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एका दुपारी होतो. एक २४ व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर एक लहान जड चकती, एन्कोडर, मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मॉस्फेटचा मोटर ड्रायव्हर आणि ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय. एन्कोडर म्हणजे शाफ्ट फिरेल तसे पल्स देणारी चकती.

खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं ठिकाण एन्कोडर. २० खाचांची स्वस्त चकती घेतली आणि दर १० मिलिसेकंदाला पल्स मोजले, तर एका पल्सचा फरक म्हणजे ३०० आरपीएम. आलेख जिन्यासारखा येतो आणि त्यातून काही निघत नाही. ६०० पल्सचा एन्कोडर घेऊन त्याच्या दोन्ही चॅनेलच्या पल्सच्या चढत्या-उतरत्या मिळून चारही कडा मोजल्या, तर एका फेरीत २४०० खुणा मिळतात. मग १० मिलिसेकंदात एका खुणेचा फरक फक्त २.५ आरपीएम. इथे कोणी उत्साहाने दर मिलिसेकंदाला मोजू लागला, तर तोच फरक २५ आरपीएम होतो. घाईने मोजलं म्हणून बारीक मोजलं असं होत नाही. दुसरं ठिकाण ड्रायव्हर. बाजारात सर्रास मिळणारा एल-२९८ स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, आणि करंट वाढला की जास्तच खातो. मग मोटरला प्रत्यक्षात किती व्होल्ट मिळाले ते आपल्याला ठाऊकच नसतं.

आधी थांबून-थांबून मोजा. ६ व्होल्ट द्या, वेग स्थिर होऊ द्या, लिहा. मग १२, मग १८. समजा ६४०, १३६० आणि २०८० आरपीएम आले. दर ६ व्होल्टला ७२० वाढले, म्हणजे गेन १२० आरपीएम प्रति व्होल्ट. पण मग ६ व्होल्टला ७२० यायला हवे होते, आले ६४०. कमी पडलेले ८० आरपीएम म्हणजे ०.६७ व्होल्ट. हे व्होल्ट ब्रश आणि बेअरिंगच्या घर्षणाने खाल्ले. ही घर्षणाची पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. थांबलेली मोटर हलवायला याहूनही थोडे जास्त व्होल्ट लागतात. बैलगाडी निघताना बैलांना जास्त जोर लागतो, तसंच.

आता झटका. ६ व्होल्टवर मोटर शांत फिरू द्या आणि एकदम १२ व्होल्ट करा. वेग ६४० वरून १३६० कडे चढेल. ७२० चे ६३ टक्के म्हणजे ४५५. त्यामुळे १०९५ आरपीएमची रेघ आलेखाने कधी ओलांडली ते पाहा. समजा झटक्यानंतर ०.१८ सेकंदाने ओलांडली. हाच टाइम कॉन्स्टंट.

शून्यावरून १२ व्होल्ट का दिले नाहीत? दोन कारणं. एक म्हणजे शून्याजवळ घर्षणाचा कारभार वेगळा असतो, तो आपल्या दोन आकड्यांत बसत नाही. दुसरं कारण करंटचं. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःही थोडी जनरेटर असते आणि उलटं व्होल्टेज तयार करते. थांबलेल्या मोटरमध्ये ते शून्य असतं. वाइंडिंगचा रोध १.६ ओहम असेल, तर थांबलेल्या मोटरला १२ व्होल्ट देताच ७.५ अँपिअर ओढले जातील. आपला सप्लाय ५ अँपिअरचा. ६४० आरपीएमवर फिरणारी मोटर ५.३३ व्होल्ट उलटे देत असते, त्यामुळे १२ व्होल्टला ४.२ अँपिअरच लागतात. सप्लायच्या आवाक्यात.

रोध मोजायची रीतही सांगून ठेवतो. शाफ्ट घट्ट धरून दोनच व्होल्ट द्या आणि करंट वाचा. १.२५ अँपिअर आला तर रोध १.६ ओहम. शाफ्ट चार-पाच वेगवेगळ्या जागी धरून वाचा आणि सरासरी काढा, कारण ब्रश कम्युटेटरच्या कोणत्या पट्टीवर टेकलाय यावर आकडा हलतो. धरलेल्या मोटरला २४ व्होल्ट देऊ नका. १५ अँपिअर जातील आणि वास येईल.

तपासणी फुकटात

एक पडताळा इथेच होऊन जातो. घर्षणाने ०.६७ व्होल्ट खाल्ले आणि रोध १.६ ओहम, म्हणजे रिकामी फिरताना मोटर सुमारे ०.४२ अँपिअर घेत असणार. अॅमीटर लावून पाहा. साधारण तेवढाच आला, तर वेगाचे आकडे आणि करंटचे आकडे एकमेकांची साक्ष देतायत. ०.९ आला तर कुठेतरी गोची आहे, बहुधा वायर किंवा ड्रायव्हरच्या जोडणीत. मग गणित पुढे नेण्यात अर्थ नाही.

याच आकड्यांतून फिरणाऱ्या भागाचा जडपणाही निघतो. एका व्होल्टला १२० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२.५७ रेडियन, म्हणून मोटरचा स्थिरांक १ भागिले १२.५७, सुमारे ०.०८. त्याचा वर्ग गुणिले टाइम कॉन्स्टंट, भागिले रोध: ०.०००७२ किलोग्रॅम-वर्ग मीटर. चकती न काढता, न तोलता तिचं ओझं कळलं.

आलेखाच्या वळणावरून चूक ओळखा

वेगाचा आलेख सुरुवातीला उभा चढून मग हळूहळू वाकला पाहिजे. तो पट्टीने आखल्यासारखा सरळ चढला, तर सप्लायने करंट अडवून धरलाय. तो आलेख सप्लायचा आहे, मोटरचा नव्हे. चढताना मध्येच खांदा पाडल्यासारखा दबला, तर झटक्याला सप्लायचं व्होल्टेज बसलं असेल. म्हणून संगणकाने ‘१२ दे’ म्हटलं यावर विसंबू नका. मोटरच्या टर्मिनलवर प्रत्यक्ष व्होल्टेज मोजून तेच नोंदवा. शेवटी वेग वर-खाली डोलत राहिला आणि डोलणं प्रत्येक फेरीला तेच असेल, तर कपलिंग मध्यावर बसलेलं नाही.

सर्वांत जास्त लोक फसतात ते आलेख गुळगुळीत करताना. रीडिंग थरथरतात म्हणून शेवटच्या दहांची सरासरी घेतात. दर १० मिलिसेकंदाच्या दहा रीडिंगांची सरासरी म्हणजे नोंद सुमारे ४५ मिलिसेकंद मागे सरकली. खरा टाइम कॉन्स्टंट १८० मिलिसेकंदांचा, त्यात ४५ ची भेसळ. आलेख सुंदर दिसतो आणि आकडा खोटा निघतो. थरथर राहू द्या. तिचा बंदोबस्त पुढच्या पायरीत आहे.

कारखान्यातल्या ड्राइव्हवर हाच प्रयोग करताना आणखी एक सापळा असतो. ड्राइव्हमध्ये अॅक्सेलरेशन टाइम १० सेकंद भरलेला असेल, तर तुम्ही झटका दिला तरी ड्राइव्ह तो त्याच सावकाश चालीने पोचवतो. मग मोजला जातो तो ड्राइव्हचा सबुरीपणा.

एका झटक्यावर विश्वास ठेवायचा?

माणसाला एकच प्रश्न विचारून ओळखता येत नाही. मोटरलाही वेगवेगळ्या लांबीचे झटके द्यावे लागतात. छोट्या झटक्यांतून तिची चपळाई कळते, लांब झटक्यांतून मुक्काम कळतो. यासाठी नाणेफेकीसारखा दिसणारा, पण आधीच ठरलेला वर-खालीचा क्रम वापरतात. त्याला पीआरबीएस म्हणतात. सात बिटांच्या शिफ्ट रजिस्टरमधून, म्हणजे शून्य-एक पुढे सरकवणाऱ्या सात घरांच्या साखळीतून, १२७ पायऱ्यांचा असा क्रम मिळतो आणि त्यात सलग एकसारख्या पायऱ्या जास्तीत जास्त सात येतात.

आपल्या मोटरला हे माप छान बसतं. व्होल्टेज ९ आणि १५ यांत उड्या मारेल, एक पायरी ०.१ सेकंदाची. सात सलग पायऱ्या म्हणजे ०.७ सेकंद, जवळजवळ चार टाइम कॉन्स्टंट. तेवढ्यात मोटर मुक्कामाला पोचते. पूर्ण क्रम १२.७ सेकंदांत संपतो. वेग साधारण १००० आणि १७२० च्या मध्ये फिरत राहतो, म्हणून शून्याजवळच्या घर्षणाचा गोंधळ वाटेत येत नाही.

दर २० मिलिसेकंदाला नोंद केली तर ६३५ ओळी मिळतात. आता आपण असं धरतो, की पुढचा वेग = अ × आत्ताचा वेग + ब × व्होल्ट + क. प्रत्येक ओळ आणि तिच्या पुढची ओळ मिळून एक समीकरण, म्हणजे ६३४ समीकरणं आणि अज्ञात फक्त तीन. थरथरीमुळे सगळी समीकरणं एकदम जुळणार नाहीत. मग प्रत्येक समीकरणात किती चूक राहते ते काढून चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल, असे अ, ब, क निवडायचे. ही लघुत्तम वर्गांची रीत. लेजाँद्रने ती १८०५ मध्ये छापली. गाऊसचं म्हणणं होतं, आपण ती आधीपासून वापरतोय. १८०१ च्या सुरुवातीला दिसलेला आणि मग सूर्याआड हरवलेला सेरेस हा छोटा ग्रह कुठे सापडेल हे मोजक्या नोंदींवरून त्याने सांगितलं, आणि तो त्याच वर्षाअखेर सापडलाही. आकाशातला गोळा शोधणारं गणित एमआयडीसीतल्या मोटरला लागू पडतं, यात नवल नाही. दोन्हीकडे नोंदी थरथरत्या.

हिशेबाला महाग सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमधलं लिनेस्ट पुरतं. एका स्तंभात पुढचा वेग, शेजारच्या दोन स्तंभांत आत्ताचा वेग आणि व्होल्ट. उत्तरं उलट्या क्रमाने येतात, आधी व्होल्टचा गुणक आणि मग वेगाचा, एवढं ध्यानात ठेवा. आपल्या मोटरला अ = ०.८९५, ब = १२.६ आणि क = उणे ८.४ असं काहीसं येईल. ६४० आरपीएमवर असताना १२ व्होल्ट दिले, तर २० मिलिसेकंदांनी वेग किती? ०.८९५ गुणिले ६४० म्हणजे ५७२.८, अधिक १५१.२, वजा ८.४. सुमारे ७१६.

इथे एक खोच आहे. ‘आत्ताचा वेग’ हाही मोजलेलाच असतो, त्यातही थरथर असते. त्यामुळे ही रीत ‘अ’ला खऱ्यापेक्षा लहान दाखवते. टाइम कॉन्स्टंट याच ‘अ’मधून निघतो; ‘अ’ लहान, तर तोही लहान. ०.८९५ ऐवजी ०.८७ आला, तर टाइम कॉन्स्टंट ०.१८ वरून ०.१४४ वर घसरतो. मोटर आहे त्याहून चपळ वाटते. उपाय असा: मिळालेल्या तीन आकड्यांवरून मॉडेलला फक्त व्होल्टेज देऊन पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत स्वतःचा स्वतः वेग काढू द्या. तो मोजलेल्या वेगाशी ताडून पाहा आणि दोन्हींतला फरक सर्वांत कमी होईपर्यंत एक्सेलचा सॉल्व्हर वापरून तिन्ही आकडे थोडे-थोडे सरकवा.

मॉडेल खरं कशावरून?

ज्या नोंदींतून मॉडेल काढलं त्यांच्यावरच ते तपासणं म्हणजे पेपर फोडून परीक्षा देणं. दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमाचे झटके देऊन नवी नोंद घ्या. मॉडेलने ती आधी कधी पाहिलेली नसावी.

‘माझं मॉडेल ९९ टक्के अचूक आहे’ असं कोणी म्हटलं, तर एकच विचारा: पुढच्या एका रीडिंगचा अंदाज की पूर्ण धावेचा? २० मिलिसेकंदांत वेग फारसा बदलत नाही. ‘आत्ता आहे तोच पुढे असेल’ एवढं म्हणणारा ठोकळाही उत्तम गुण मिळवतो. खरी परीक्षा पूर्ण धावेची. मॉडेलला सुरुवातीचा वेग आणि व्होल्टेजची यादी द्या आणि बाकीचं त्याला सांगू द्या.

मग मोजलेल्यातून सांगितलेलं वजा करा. उरलेल्या चुकीत काही ठसा दिसता कामा नये. वर जाताना चूक एका बाजूला आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला झुकत असेल, तर तुमच्या सप्लायला ब्रेक लावता येत नाही आणि मोटर उतरताना नुसती घरंगळतेय. त्यासाठी समीकरण बदलावं लागेल, आकडे कितीही सरकवले तरी भागणार नाही.

चालू कारखान्यात मोटर थांबवून प्रयोग कोण करू देईल?

मालकाची ही हरकत खरी आहे. त्यावर बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘मग रोजच्या चालण्याचीच नोंद घेऊ, महिनाभराचा डेटा आहे.’ हा डेटा बहुतेकदा दिशाभूल करतो. का, ते पाहा. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ड्रायव्हरने वेग ३० वरच ठेवायचं ठरवलंय. चढावर तो अॅक्सेलरेटर दाबतो, सपाटीला सोडतो. वेग तोच. घाटाचा विचार न करता ही नोंद कोणी पाहिली, तर निष्कर्ष निघेल की अॅक्सेलरेटरचा वेगाशी संबंध नाही! वेग ठरलेल्या जागी धरून ठेवणारा कंट्रोलर चालू असलेल्या मोटरच्या नोंदीत नेमकं हेच होतं. व्होल्टेजमुळे वेग बदलला की भार वाढल्यामुळे कंट्रोलरने व्होल्टेज बदललं, ते वेगळं काढता येत नाही.

म्हणून चालू यंत्रात आपला एक छोटा, ठरलेला धक्का मिसळावा लागतो. पीव्हीसी पाइपच्या लाइनवर बाहेर येणारा पाइप हॉल-ऑफ यंत्र ओढतं. त्याचा वेग वाढला की पाइपची भिंत पातळ होते. तिथे दोन टक्क्यांच्या आतलेच धक्के द्यावेत, आणि शक्यतो लाइन सुरू होताना. सुरुवातीचा पाइप तसाही ग्राइंडरमध्ये जातो. धक्का लहान असेल तर तो थरथरीत बुडतो. मग तोच क्रम दहा-वीस वेळा फिरवून सरासरी घ्यावी लागते. वेळ जातो, माल वाचतो.

आकडे मिळाले, पुढे काय?

कोणी म्हणेल, ‘पीआयडीचे, म्हणजे त्या कंट्रोलरचे, नॉब तर अंदाजानेही लागतात.’ लागतात. झीग्लर आणि निकोल्स यांचे १९४२ चे ठोकताळे आजही वापरले जातात. पण अंदाजाने लावताना यंत्र डोलवून-डोलवून पाहावं लागतं, आणि वीस किलोवॅटचं यंत्र डोलवणं गमतीचं नाही. मॉडेल असेल तर हिशेब कागदावर होतो. आपल्या मोटरने मूळ चालीच्या दुप्पट चपळाईने, म्हणजे ०.०९ सेकंदाच्या हिशेबाने वेग पकडावा असं वाटत असेल, तर गुणक येतो ०.१८ भागिले (१२० × ०.०९), म्हणजे ०.०१६७. साध्या शब्दांत, ६० आरपीएमची चूक दिसली की एक व्होल्ट वाढव. आणि चूक साठत गेली तर तिची वसुली करणारा वेळ ०.१८ सेकंद ठेवायचा. पहिल्याच फेरीत मोटर शहाण्यासारखी वागते. दहापट चपळाई मागितली तर कागदावर मिळते, प्रत्यक्षात सप्लाय ५ अँपिअरवर अडून बसतो.

मे महिन्याची मोटर, जानेवारीची मोटर

तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. वाइंडिंग ५० अंशांनी तापलं की रोध सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. फेराइटचं चुंबक दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने दुबळं होतं. तेही तितकंच तापलं तर दहा टक्के गेले. टाइम कॉन्स्टंट रोधाच्या प्रमाणात वाढतो आणि चुंबकाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात, त्यामुळे एकत्र हिशेब करता तो जवळजवळ दीडपट होतो. ०.१८ चे ०.२७. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोटर तापलेल्या हवेतच सुरुवात करते. जानेवारीच्या पहाटे मोटर थंड असते, पण गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट असतं आणि घर्षणाची पट्टी रुंदावते. म्हणून प्रयोग थंड मोटरवर एकदा आणि अर्धा तास चालवून पुन्हा एकदा करावा, आणि कंट्रोलर दोन्ही टोकांना सांभाळून घेईल असा ठेवावा.

केळीच्या ठिबकवरचा पंप आणखी वेगळा. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० हर्ट्झला ४० मीटर दाब देणारा पंप ४० हर्ट्झला सुमारे २५.६ मीटरच देतो. ४० वरून ४१ हर्ट्झ केलं तर १.३ मीटर वाढतात, २० वरून २१ केलं तर त्याच्या निम्मे. गेन एकच नाहीच! पाणी ज्या दाबावर द्यायचं, त्याच दाबाच्या आसपास झटके देऊन मॉडेल काढा. दुसऱ्या प्लॉटला वेगळा दाब लागत असेल तर त्याचं मॉडेल वेगळं.

मग ऑटो-ट्यूनने काय केलं होतं?

सुरुवातीच्या त्या गुणगुणण्यात ड्राइव्हने वाइंडिंगमधून आधी डीसी करंट सोडून रोध मोजला, मग झपाट्याने बदलणारं व्होल्टेज देऊन करंट किती अडतो ते पाहिलं. हा विजेचा अर्धा भाग. फिरतं ऑटो-ट्यून दिलं तर रिकाम्या मोटरला चुंबकत्वासाठी लागणारा करंटही मोजला जातो, पण त्यासाठी मोटर भारापासून सोडवावी लागते. पंप जोडलेला ठेवून ते केलं की ड्राइव्ह पंपाचा करंट चुंबकत्वाच्या खात्यात लिहितो. लांब केबल असेल तर तिचा रोधही मोटरच्या नावावर चढतो. म्हणून ऑटो-ट्यून अंतिम केबल जोडूनच करावं, दुकानात टेबलावर नव्हे.

चकतीचं, पुलीचं, पाण्याच्या खांबाचं ओझं हा यंत्राचा अर्धा भाग. काही ड्राइव्हमध्ये त्यासाठी जडत्व मोजायची वेगळी सोय असते आणि ती मोटर खरोखर चढवून-उतरवून पाहते. नसेल तर वरचा झटक्याचा प्रयोग आपणच करायचा.

निघालेले तीन आकडे (गेन, टाइम कॉन्स्टंट आणि घर्षणाची पट्टी), तारीख, मोटर थंड होती की तापलेली आणि भार काय होता, हे एका कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा झटका द्या. घर्षणाची पट्टी ०.६७ वरून १.१ व्होल्ट झाली आणि बाकी तसंच असेल, तर बेअरिंग किंवा ब्रश बघा. थंड मोटरचाही गेन वाढलेला असेल, तर चुंबक कायमचं दुबळं झालंय. गेन तोच आणि टाइम कॉन्स्टंट तेवढा वाढलाय, तर शाफ्टवरचं ओझं बदललंय किंवा वाटेतल्या कुठल्यातरी ढिल्या टर्मिनलने रोध वाढवलाय. आधी टर्मिनल आवळा, ते पाच मिनिटांचं काम आहे.